फ्लॅट आणि स्क्रग्ज : बॅन्जोच्या मागे काय चाललंय ते ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तबला शिकलेले, झाकिर हुसेन आणि अमेरिकन बॅन्जोवादक बेला फ्लेक यांची एकत्र रेकॉर्डिंग ऐकून बॅन्जोच्या नादाला लागलात. ज्याला विचाराल तो म्हणतो, 'आधी फ्लॅट आणि स्क्रग्ज ऐक.' ऐकलंत, तर सगळी गाणी एकसारखी, घाईची आणि जुनाट वाटली. मग गिटार वाजवत गाणारा लेस्टर फ्लॅट आणि बॅन्जोवाला अर्ल स्क्रग्ज यांच्या या जुन्या अमेरिकन बँडचं एवढं कौतुक कशाला, तो मोठा कसा झाला, फुटला का, आणि आजही लोक त्याच्याच नावाने शपथ का घेतात?

मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळ, गेली वीसेक वर्षं पाच तारांचा बॅन्जो वाजवतोय. अर्ल स्क्रग्जचं गाव इथून गाडीने तासाभरावर. त्यामुळे माझं उत्तर थोडं घरच्या माणसाचं आहे, हे धरून चला. आणि पहिलीच कबुली : मलाही सुरुवातीला सगळं एकसारखंच वाटलं होतं. कारण मी फक्त बॅन्जो ऐकत होतो. जगाने या बँडची नक्कल केली तीही निम्म्याच गोष्टीची, जी ऐकू येते तिची. उरलेली निम्मी गोष्ट म्हणजे साथ, आणि ती कळली की बाकीचं उलगडतं. तबलजीला हे सांगायला नको खरं तर.

सुरुवात मात्र बॅन्जोपासूनच करू, कारण तुम्ही तिथेच अडकलायत.

अर्लचा जन्म 6 जानेवारी 1924चा, शेल्बीजवळच्या फ्लिंट हिल या वस्तीतला. वडील शेतकरी, स्वतः बॅन्जो वाजवणारे. अर्ल चार वर्षांचा असताना गेले. घरात भावंडं वाजवायची. या भागात तीन बोटांनी बॅन्जो छेडण्याची पद्धत आधीपासून होती. स्मिथ हॅमेट, स्नफी जेंकिन्स ही नावं इथले जुने लोक अजून काढतात. त्यामुळे 'स्क्रग्जने तीन बोटांचं वादन शोधलं' असं कुणी म्हणालं, तर मान डोलवू नका. त्याने जे केलं ते वेगळं आणि जास्त अवघड होतं. अर्ल स्वतः सांगायचा ती गोष्ट अशी, की दहा वर्षांचा असताना भावाशी भांडण झालं, हा रागारागाने खोलीत जाऊन बॅन्जो घेऊन बसला, एक जुनी धून तंद्रीत वाजवू लागला आणि एकदम लक्षात आलं की हात आपोआप तीन बोटांनी चाललाय.

आता तुमच्या भाषेत. पाच तारा मोकळ्या छेडल्या तर मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम, आणि वरच्या कडेला आखूड पाचवी तार, जिच्यावर तार षड्ज. ही आखूड तार म्हणजे आपल्या सतारीची चिकारीच समजा. अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, पुढच्या दोन बोटांत धातूच्या. एका आवर्तनात आठ स्वर, केरव्याच्या आठ मात्रांसारखे. पण बोटं तीन आहेत. तीन बोटांनी आठ मात्रा भरायच्या म्हटल्या की हिशेब तीन-तीन-दोन असा होतो आणि जोर सरळ ठेक्यावर न पडता मध्येच घसरत जातो. याला इथे रोल म्हणतात. रोल काही एकच नाही. पुढे जाणारे, उलटे फिरणारे, अंगठा आलटून पालटून येणारे, असे अनेक. स्क्रग्जच्या आधीचे वादक बहुतेक एक रोल धरून तोच पळवत राहायचे. अर्ल गाण्याची चाल रोलमध्ये अशी बसवतो, की चालीचा प्रत्येक स्वर जोराने कानावर येतो आणि मधल्या जागा बाकीच्या तारा भरतात. त्यासाठी तो दर आवर्तनात रोल बदलतो. तबल्यात कायद्याचा, म्हणजे ठरलेल्या बोलांच्या बांधणीचा, विस्तार करताना बोल फिरवतात, पण कायदा हरवू देत नाहीत, तसंच काहीसं. नुसता वेग असता तर त्याला मागे टाकणारे तेव्हाही निघाले असते आणि आज तर पैशाला पासरी आहेत.

डिसेंबर 1945मध्ये हा एकवीस वर्षांचा पोरगा नॅशव्हिलला बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये दाखल झाला. मन्रो केंटकीचा, मॅन्डोलिन वाजवणारा, आवाज उंच, स्वभाव ताठ. लेस्टर फ्लॅट त्याच वर्षी आधीच तिथे आला होता. लेस्टर अर्लपेक्षा दहा वर्षांनी मोठा, 1914चा, टेनेसीच्या ओव्हर्टन काउंटीतला. गिरणीत कामं केलेला माणूस. सैलसर, मध्यम पट्टीचा आवाज आणि बोलण्यात मिश्किलपणा. फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. या पाच जणांनी 1946 आणि 1947मध्ये कोलंबिया कंपनीसाठी जी गाणी रेकॉर्ड केली, तिथून ब्लूग्रास नावाची, बॅन्जो-फिडल-मॅन्डोलिनवरच्या द्रुत गाण्यांची शैली सुरू झाली असं बहुतेक जाणकार मानतात. मीही मानतो. मन्रोचा बँड त्याच्या आधीही होता, पण त्या आवाजाला 'तो' आवाज बॅन्जो आल्यावर मिळाला.

1948च्या सुरुवातीला दोघेही मन्रोला सोडून बाहेर पडले. सततचे दौरे, थोडके पैसे. लवकरच 'फॉगी माउंटन बॉइज' उभा राहिला. नाव कार्टर फॅमिली या आधीच्या पिढीतल्या गाणाऱ्या कुटुंबाच्या एका गाण्यावरून. मन्रोला हे इतकं लागलं, की पुढची वीसेक वर्षं त्याने दोघांशी धड संबंध ठेवला नाही. आपल्याकडे घराणं सोडून गेलेल्या शिष्याबद्दल गुरू जसे वागायचे ना, हुबेहूब तसं. 'ब्लूग्रास' हा शब्दच या अबोल्यातून रूढ झाला अशी एक गोष्ट सांगतात : फ्लॅट आणि स्क्रग्जसमोर मन्रोचं नाव काढायची चोरी, म्हणून लोक 'ती जुनी ब्लू ग्रासवाली गाणी म्हणा' अशी फर्माईश करायचे. खरी असो वा नसो, त्या काळचं वातावरण तिच्यात नेमकं आलंय.

पहिली मोठी जागा मिळाली ब्रिस्टलच्या डब्ल्यूसीवायबी रेडिओवर. ब्रिस्टल हे टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरचं गाव. मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द जाते. दुपारचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, डोंगरातल्या पाच राज्यांत ऐकू जायचा. रेडिओवर वाजवायचं, संध्याकाळी कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे ते सांगायचं आणि गाडीत बसून तिकडे पळायचं, असा दिनक्रम. नंतरची काही वर्षं या रेडिओवरून त्या रेडिओवर फिरण्यात गेली. लेक्सिंग्टनला मुक्काम होता तेव्हा जे. डी. क्रो नावाचा तिथला एक शाळकरी मुलगा कार्यक्रमाला येऊन अर्लचा उजवा हात निरखत बसायचा. पुढच्या पिढीचा सगळ्यात भरदार बॅन्जो त्याचाच.

डिसेंबर 1949मध्ये सिनसिनाटीला त्यांनी मर्क्युरी कंपनीसाठी 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' रेकॉर्ड केलं. तीन मिनिटांच्याही आतलं, शब्दांशिवायचं वादन. आज बॅन्जो हातात घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी यावर येतो, आणि शनिवारच्या बैठकीत ते कुणीतरी सुरू केलं की आम्ही जुने लोक कॉफी आणायला उठतो. मात्र ते मूळ रेकॉर्डिंग नीट ऐका. एका जागी बॅन्जो ई मायनरवर जातो आणि लेस्टरची गिटार ई मेजर धरते. म्हणजे ई हा षड्ज मानला, तर कोमल आणि शुद्ध गंधार एकाच वेळी वाजतात. पुस्तकाप्रमाणे ही चूक. पण त्या खरखरीनेच तिथे अंगावर काटा येतो. आता सगळे ते 'दुरुस्त' करून वाजवतात आणि मला दरवेळी काहीतरी सांडल्यासारखं वाटतं.

आता लेस्टरकडे या. तुम्हाला सगळं घाईचं वाटलं, त्यावर औषध इथे आहे.

लेस्टर गिटार अंगठ्यातल्या नखीने आणि एका बोटाने वाजवायचा. भारी काही नाही. खर्जाची तार, मग वरच्या तारा, पुन्हा खर्ज. ओळ संपली की खर्जातून वर चढणारा एक छोटा तुकडा, ज्याला सगळे 'जी रन' म्हणतात. तुम्ही त्याला समेवर यायचा मुखडा म्हणा. बॅन्जो कितीही धावत असला तरी हा तुकडा आला की कान जमिनीवर टेकतो. आणि गाताना लेस्टर कधीच धावत नाही. ठेका द्रुत, गायक विलंबितात बसल्यासारखा निवांत, शब्द किंचित मागे रेंगाळणारे. वेगाच्या अंगावर ही सुस्ती टाकून तो जो ताण तयार करतो तो मन्रोकडे नव्हता. मन्रो स्वतःच ठेक्याच्या पुढे रेटा लावायचा. हा फरक ऐकू आला की दोन बँड एकसारखे वाटणं बंद होतं.

अर्लची साथ याहून अवघड. लेस्टर गात असताना तो काय करतो ते मुद्दाम ऐका. बहुतेक वेळा तो दांडीच्या वरच्या भागात जाऊन ठेक्याच्या रिकाम्या मात्रेवर दबके आघात देतो, एखादी ओळ संपताना दोन-तीन स्वर टाकतो आणि परत मागे सरकतो. ज्या माणसाच्या वादनासाठी लोक तिकीट काढून यायचे, तो गाण्याचा बहुतांश वेळ स्वतःला झाकून घेत असतो. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं तीन महिन्यांत एकल वाजवायला लागतात. गायकाच्या मागे नीट गप्प बसायला मात्र त्यांना पाचेक वर्षं लागतात, आणि काहींना ते कधीच जमत नाही. तबल्यात एकल वाजवणारे आणि ख्यालाला साथ करणारे यांच्यात जे अंतर असतं तेच हे.

बाकी मंडळीही बघण्यासारखी. मन्रोपेक्षा वेगळं दिसावं म्हणून या बँडने मॅन्डोलिन मागे ठेवली. कर्ली सेक्लरच्या हातात ती असायची, पण त्याचं खरं काम लेस्टरच्या वरच्या सुरात गायचं. फिडलवर पॉल वॉरन, बासवर जेक टलक. आणि 1955मध्ये आला जॉश ग्रेव्ह्ज. घेतला बाससाठी, थोड्याच दिवसांत डोब्रोवर बसला. डोब्रो म्हणजे आडवी धरून तारेवर लोखंडी पट्टी सरकवत वाजवायची गिटार. आपल्या जुन्या सिनेसंगीतातली हवाईयन गिटार आठवा, तिचीच गावाकडची चुलत बहीण, पोटात धातूची थाळी असलेली. तोवर हे वाद्य रडक्या गाण्यांत हुंदके भरायला वापरायचे. ग्रेव्ह्जने अर्लकडून रोल उचलले आणि डोब्रोवर चढवले. आज ब्लूग्रासमध्ये डोब्रो दिसतो तो या एका माणसामुळे, असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही.

हे सगळे एका मायक्रोफोनभोवती वाजवायचे. ज्याची पाळी तो पुढे, झाली की बाजूला, दुसरा आत. गिटारची मान कुणाच्या डोळ्यात जाणार नाही, फिडलचा गज कुणाच्या टोपीला लागणार नाही. त्यांचे टीव्हीचे जुने कार्यक्रम आज बघायला मिळतात. आवाज बंद करून बघितले तरी कळेल की हा बसवलेला नाच आहे. आवाजाचं संतुलन यंत्रावर नाही, पायांवर. आम्ही आमच्या गटात एकदा असं करून बघितलं. पहिल्या गाण्यात माझा बॅन्जो बासवाल्याच्या बरगडीत गेला.

टीव्हीचा विषय निघालाय तर पिठाबद्दल बोललंच पाहिजे, कारण या बँडचं पोट पिठावर चाललं. नॅशव्हिलची मार्था व्हाइट नावाची पिठाची कंपनी. तिचा मालक कोहेन विल्यम्स याने 1953मध्ये त्यांना डब्ल्यूएसएम रेडिओवर पहाटेचा कार्यक्रम दिला. उजाडायच्या आत, चुलीवर बिस्किटं चढलेली असताना, घराघरात यांचा आवाज. मग टीव्ही आला. कार्यक्रम टेपवर साठवायची सोय अजून नव्हती, म्हणून आज या गावात, उद्या त्या राज्यात, प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन वाजवायचं. आठवड्याला अडीच हजार मैलांच्या आसपास प्रवास, त्याच त्या चक्राचा. शनिवारी रात्री 'ग्रँड ओल ऑप्री', नॅशव्हिलचा कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या गाण्यांचा, मानाचा रेडिओ-कार्यक्रम. तिथेही 1955पर्यंत दार बंद होतं, कारण आत मन्रो होता आणि त्याचा विरोध होता. विल्यम्सने जाहिरातीचे पैसे काढून घ्यायची भाषा केली तेव्हा दार उघडलं. कलेच्या इतिहासात असे प्रसंग जरा लपवून सांगतात. मला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नाही. आपल्या संगीत नाटकांना तरी कुणाच्या पैशावर दिवस निघाले?

त्याच वर्षी अर्लच्या गाडीला मोठा अपघात झाला. आजारी आईला बघायला निघाला होता, बायको-मुलं बरोबर. कंबरेची हाडं मोडली, कित्येक महिने तो मंचावर नव्हता. आई वाचली नाही. याच सुमारास बँडचा व्यवहार हळूहळू अर्लच्या बायकोकडे आला.

तिचं नाव लुईज. माझ्या मते या बँडमधला सातवा वादक तीच. हिशेब-ठिशेबात तरबेज, टायपिंग येणारी, आणि फोनवर समोरच्या पुरुष व्यवस्थापकांना न घाबरणारी. त्या काळात नॅशव्हिलमध्ये बायका हा धंदा करत नव्हत्या. तिने एक गोष्ट इतरांच्या आधी ओळखली : शहरातली कॉलेजची मुलं लोकसंगीताकडे वळतायत आणि आपल्याकडे जे आहे ते त्यांना हवंय. 1959मध्ये अर्ल न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आला. त्याच वर्षी लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी 'एस्क्वायर' मासिकात ब्लूग्रासवर लेख लिहून या संगीताची शहरी वाचकांशी गाठ घालून दिली. लुईजने मग शाळांच्या हॉलऐवजी विद्यापीठांची सभागृहं धरली. रेकॉर्डच्या वेष्टनांसाठी टॉमस बी. ॲलन या नामवंत चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली. शहरी दुकानात ती रेकॉर्ड हातात धरताना कुणाला लाज वाटू नये, हा त्यातला डाव. आठ डिसेंबर 1962 रोजी बँड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये श्रोते ओरडून मार्था व्हाइट पिठाच्या जाहिरातीचं गाणं मागतायत! न्यूयॉर्कच्या त्या प्रतिष्ठेच्या सभागृहात पिठाची जाहिरात, आणि तीही वन्स मोअरच्या थाटात.

त्याच वर्षी 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ही टीव्ही मालिका सुरू झाली. डोंगरातलं एक अडाणी कुटुंब तेल सापडून श्रीमंत होतं आणि हॉलिवूडशेजारी राहायला जातं. 'हिलबिली' हा डोंगराळ भागातल्या माणसांना हिणवायचा शब्द, त्यामुळे लुईज आधी तयार नव्हती. आमच्या माणसांची टिंगल होणार, ही धास्ती. मालिकेचा पहिला भाग बघितल्यावर ती राजी झाली. शीर्षकगीत मालिकेत जेरी स्कॉगिन्सने गायलं, वाजवलं यांनी. मग लेस्टरच्या आवाजात वेगळी रेकॉर्ड निघाली आणि जानेवारी 1963मध्ये कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ब्लूग्रासच्या रेकॉर्डने तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ.

इथे तुमच्या झाकिरभाई आणि बेला फ्लेककडे वाट जाते. न्यूयॉर्कमध्ये वाढणाऱ्या लहानग्या बेला फ्लेकने बॅन्जो पहिल्यांदा ऐकला तो याच मालिकेच्या शीर्षकगीतात. डोंगर नाही, शेत नाही, फक्त घरातला टीव्ही. तो मुलगा पुढे मुंबईच्या झाकिर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबर, बासवर एडगर मायर, असा 2023मध्ये 'ॲज वी स्पीक' हा अल्बम करतो आणि 2024मध्ये त्याला ग्रॅमी मिळतं. त्यात बॅन्जो तबल्याच्या मागे जाऊन दबून वाजतो त्या जागा ऐका. त्यांचं मूळ मला लेस्टरच्या मागे वाजवणाऱ्या अर्लच्या हातात दिसतं. हे माझं मत. पटलं नाही तर सोडून द्या.

1967मध्ये 'बॉनी अँड क्लाइड' सिनेमा आला. त्याचा निर्माता आणि नायक वॉरन बेटीने पाठलागाच्या दृश्यांसाठी 1949चं ते जुनं 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' वापरलं. तेव्हापासून सिनेमात खेडवळ पाठलाग म्हटला की बॅन्जो, ही खोड जगाला लागली. गंमत बघा, खरे बॉनी आणि क्लाइड मारले गेले मे 1934मध्ये. तेव्हा अर्ल दहा वर्षांचा होता, भावाशी भांडून खोलीत बसायच्या वयाचा. त्या दरोडेखोरांनी जन्मात कधी असा बॅन्जो ऐकला नसणार. पण आता 1930च्या दशकाचा आवाज म्हणून लोकांच्या डोक्यात तोच बसलाय. या वादनाला 1969मध्ये ग्रॅमी मिळालं. आणि त्याच वर्षी बँड फुटला.

का फुटला? खलनायक शोधायला जाऊ नका. अर्लची मुलं मोठी होत होती, घरात रॉक वाजत होतं, त्याला नव्या पोरांबरोबर वाजवायची भूक होती. कोलंबियाने बॉब जॉन्स्टन हा निर्माता दिला, जो बॉब डिलनबरोबर काम करत होता. मग डिलनची गाणी लेस्टरच्या पुढ्यात आली. शेवटच्या काळातल्या त्या रेकॉर्ड ऐकल्या की कळतं, माणूस दुसऱ्याचा कोट घालून उभा आहे. शब्द त्याच्या जिभेचे नाहीत, आणि ज्या सुस्तीबद्दल मी वर लिहिलं ती तिथे थकव्यासारखी वाटते. लेस्टरला जुनंच हवं होतं. पैशाच्या आणि व्यवहाराच्या कुरबुरीही होत्या. एकवीस वर्षं एका गाडीत बसलेली माणसं शेवटी आपापल्या दारातून निघून गेली.

लेस्टरने जुने साथीदार घेऊन 'नॅशव्हिल ग्रास' काढला. 1972मध्ये त्यात मार्टी स्टुअर्ट नावाचा तेरा वर्षांचा मॅन्डोलिनवाला घेतला, जो पुढे स्वतः मोठा कलाकार झाला. अर्लने मुलांना घेऊन 'अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू' काढला, त्यात ड्रम, विजेची गिटार, सगळं. नोव्हेंबर 1969मध्ये तो वॉशिंग्टनला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या सभेत वाजवायला उभा राहिला. कंट्री संगीतातल्या बड्या लोकांत अशी हिंमत करणारे फार नव्हते. मी त्या दोन्ही बँडच्या रेकॉर्ड जमवल्यात. लेस्टरचा बँड उबदार, पण धार नाही. अर्लच्या बँडमध्ये धडाका आहे, पण मध्ये बसून सगळ्यांना थोपवून धरणारा आवाज नाही. दोघांनाही एकमेकांची साथ हवी होती, आणि ती गेल्यावरच ती केवढी होती ते ऐकू येतं. लेस्टर आणि मन्रो यांचा अबोला 1971मध्ये बीन ब्लॉसमच्या महोत्सवात हातात हात देऊन संपला. लेस्टर मे 1979मध्ये गेला. त्याआधी अर्ल त्याला इस्पितळात भेटून आला होता. अर्ल बराच जगला, 2012पर्यंत. 2001मध्ये त्याने 'ब्रेकडाउन' नव्या मंडळींबरोबर पुन्हा वाजवलं आणि त्यालाही ग्रॅमी मिळालं. शेल्बीच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत 2014पासून त्याच्या नावाचं केंद्र आहे. इकडे आलात तर घेऊन जाईन.

प्रभावाबद्दल विचारलंत. अर्लच्या 1968च्या बॅन्जो शिकवणाऱ्या पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती गेल्या; घरात बसून, गुरूशिवाय, पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या. वाजवता वाजवता तार उतरवून पुन्हा चढवायच्या त्याच्या करामतीतून खुंट्यांचा एक वेगळा प्रकारच बाजारात आला. कोलोराडोतल्या 'हॉट राइझ' बँडचं नावसुद्धा मार्था व्हाइट पिठातल्या फुगवणाऱ्या घटकाच्या नावावरून घेतलेलं आहे. डोब्रोवादक जेरी डग्लसने तर 'अर्ल्स ऑफ लेस्टर' असा बँड काढला, इंग्लंडमधल्या सरदारांच्या पदवीवरची कोटी. हॅट, टाय आणि ठेक्यासकट जुन्या बँडची हुबेहूब उजळणी, आणि त्याच्या पहिल्याच अल्बमला ग्रॅमी. हुबेहूब नकलेला बक्षीस द्यावं का, यावर आमच्याकडे वाद होतात. मी ऐकायला गेलो होतो. तिसऱ्या गाण्याला वाद विसरलो.

मग ऐकायचं कसं? आधी मन्रोबरोबरची 1946-47ची रेकॉर्डिंग, दोन-चार पुरेत. मग मर्क्युरीची. मग 1955नंतरची कोलंबियाची, ग्रेव्ह्ज आल्यानंतरची. मग कार्नेगी हॉल. 1967च्या पुढचं सध्या नको. प्रत्येक गाणं तीनदा ऐका : एकदा फक्त बास आणि गिटार, हातावर ताल धरून, एकदा फक्त लेस्टर शब्द कुठे टाकतो ते, आणि तिसऱ्यांदा बॅन्जो, पण तोही लेस्टर गात असताना. बॅन्जोचा एकल भाग आला की तेवढा वेळ चहा प्या. तो तसाही डोक्यात बसणारच आहे.

राहिला वाद्य घ्यायचा प्रश्न. दुकानात जाऊन नुसतं 'बॅन्जो दाखवा' म्हणू नका. मी सुट्टीत मुंबईला आलो असताना तारा घ्यायला एका दुकानात शिरलो, तर मालकाने प्रेमाने टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग पुढ्यात ठेवला, वर विजेचा जोड लावून. बरोबरच होतं त्याचं. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचा बेंजो तोच. माझा चुलतभाऊ लालबागला वाजवायचा आणि अजून मला विचारतो की अमेरिकेत जाऊन मी नक्की कोणता बेंजो शिकलो. तुम्ही 'पाच तारांचा, मागे लाकडी थाळीवजा झाकण असलेला' असं सांगा. आखूड पाचवी तार बाजूच्या खुंटीला आहे ना, ते बघून घ्या. चार तारांचा मिळतो तो वेगळ्या संगीतासाठी. त्यावर अर्लचं काहीच बसणार नाही. आणि नख्या दोन-तीन मापांच्या मागवा, पहिल्या कधीच बोटाला बसत नाहीत.